निलगिरीचे लाकडी विजेचे खांब, औषध पाजलेले: आपल्या खाऱ्या हवेत चालतील का?

कातळवासी (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची जमीन दापोली तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत दोनेक किलोमीटर. वरचा भाग निव्वळ सडा, म्हणजे उघडा कातळ. तिथे कलमं धरेनात म्हणून बाबांनी निलगिरी लावली, गडग्याच्या कडेने आकेशिया, आणि पश्चिमेकडे सुरूच्या झाडांची रांग. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने सुरू निम्मी आडवी केली, निलगिरी बरीचशी वाचली. ती आता खांबाच्या मापाची झाली आहे. व्यापारी येतो, कागदाच्या लगद्याचा भाव सांगतो आणि वर उपकार केल्यासारखा चहा पिऊन जातो.

दुसरीकडे गरज अशी: मीटर रस्त्याकडच्या पेटीत, पंप ओढ्यावर, मांगर (शेतघर) वरच्या टोकाला. मीटरपासून पुढची लाईन आमची आम्ही लोखंडी पाइपांवर ओढलेली. पाइप वरून रंगवलेला छान दिसतो, पण जमिनीलगत नख लावलं की पापुद्रे निघतात. सिमेंटचा खांब न्यायचा तर पाणंदीतून ट्रॅक्टर जात नाही.

केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, सगळीकडे निलगिरीच्या खांबांवर तारा आहेत. मग आपलीच निलगिरी आपल्याच लाईनला का नको? औषध घरी लावता येतं का? किती टिकेल? कोणी केलंय का?

हर्णैचा_वारा

वाचतोय. आमचे दोन पाइप याच पावसात झोपले.

तात्या_गुहागर

यात नवीन काय आहे? आमच्या आजोबांनी किंजळीच्या मेढी पुरल्या. बुंधा शेकोटीत काळा करायचा, वर डांबराचे दोन हात, की झालं. त्यातल्या दोन अजून गोठ्याला उभ्या आहेत. औषधबिषध कारखानदारांचे चोचले.

खाजा_लाडू

आमच्याकडे सुरूचो खांब म्हणजे दोन पावसाचो पाहुणो. खाडीत खुटो मारलास तर आणखीच गंमत, भायर लाकूड शाबूत आणि आत नुसती जाळी. पण निलगिरीक इंजेक्शन देवचो इचार बरो आसा. कोण जाणकार असात तर सांगा.

रंधा

दक्षिणेत एका लाकूड-प्रक्रिया कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

तात्या, मेढ टिकली ती किंजळीमुळे. डांबराला फुकटचं श्रेय मिळालं. जुन्या किंजळ-ऐन-खैराचा गाभाच असा असतो की बुरशी आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. आठ-दहा वर्षांच्या निलगिरीत तसा पक्का गाभा तयार झालेला नसतो. तिला जाळा नाहीतर डांबर फासा, ते सगळं वरवरचं. लाकूड सुकताना उभी चीर पडते, चीर डांबराच्या थराखाली जाते आणि ओल थेट आत. बाहेरून काळा कुळकुळीत, आतून भुगा.

आधी खांब कुसतो कुठे ते बघा. शेंड्याला नाही, खड्ड्याच्या तळाशीही नाही. जमिनीच्या पातळीपासून खाली वीत-दोन वीत. वर ओल टिकत नाही, तळाशी हवा पोचत नाही. या पट्ट्यात दोन्ही मिळतं. आणि वाऱ्याने खांब वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त जोर नेमका तिथेच येतो.

आता हिशोब. गोल खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. जमिनीलगत 18 सेंटिमीटर व्यासाचा खांब घ्या. चोहोबाजूंनी फक्त अडीच सेंटिमीटर कुसला तर उरले 13. तेराला अठराने भागून घन करा, उत्तर येतं 0.38. म्हणजे बाहेरचं अडीच सेंटिमीटर गेलं की ताकद शेकडा 38 राहिली. आतला गाभा कितीही शाबूत असो.

म्हणून सगळा खेळ त्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा आहे.

सुतारपक्षी

थांबा थांबा. पिढीजात सुतारकाम आहे आमचं. पांढरं आम्ही आधी तासून फेकतो. पोरकिडा पहिला पांढऱ्यातच पडतो. आणि तुम्ही म्हणता खांब पांढऱ्यावर उभा राहणार?

रंधा

दार-खिडकीला तुमचंच बरोबर. औषध न दिलेलं पांढरं म्हणजे किड्याला आमंत्रण, त्यात साखर-पिठूळ असतं. पण औषध द्यायचं ठरलं की गणित उलटं होतं.

झाड जिवंत असताना पाणी वर जातं ते पांढऱ्यातून. त्या नळ्या उघड्या असतात, औषधही त्याच वाटेने शिरतं. गाभा झाला की नळ्या बुजतात. निलगिरीच्या गाभ्यात दाबाखालीसुद्धा औषध जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातं. म्हणून खांब गोलच ठेवायचा. तासून चौकोनी केलात तर औषध पिणारं लाकूडच काढून टाकलंत. ज्या देशांची नावं धागाकर्त्याने घेतली तिथे निलगिरी निवडताना पांढऱ्याची जाडीच आधी मोजतात, दोन-अडीच सेंटिमीटर तरी हवी.

अठराच्या खांबात अडीच सेंटिमीटर पांढरं म्हणजे कापातलं जवळजवळ निम्मं क्षेत्रफळ. म्हणजे निम्म्या लाकडालाच औषध लागतं, पण ते निम्मं योग्य जागी असतं.

कातळवासी

हे डोक्यात शिरलं. मग मी ब्रशने दोन-तीन हात चांगले पाजले तर? साल काढून, ऊन देऊन?

रसायनवाली

ब्रशने मिलिमीटरभर जातं. पहिली चीर त्याहून खोल पडते. खांबासाठी पैसे पाण्यात.

आणि घरी करायचा विचार असेल तर कोणतं औषध ते आधी समजून घ्या. जगभर खांबांना सर्वांत जास्त वापरलं गेलेलं पाण्यातलं औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, सीसीए. ते आपल्याच देशातलं: डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये ते शोधलं. पुढे अमेरिकेतल्या टेलिफोनच्या खांबांनाही तेच गेलं. तांबं बुरशीला आवरतं, तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशा आणि वाळवी यांच्यासाठी आर्सेनिक, आणि क्रोमियम दोघांना लाकडाला जखडून ठेवतं. ते जखडणं नसतं तर आपल्या तीन हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसात सगळं दोन वर्षांत धुऊन ओढ्यात गेलं असतं.

पण कच्च्या द्रावणातलं क्रोमियम कर्करोगकारक, आर्सेनिकबद्दल वेगळं सांगायला नको. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए बंद झालं. विजेच्या खांबांना अजून चालतं. परसात पिंप ठेवून करायचं हे काम नाही. विहीर, गोठा, मुलं, काही विचारू नका. प्रक्रिया केलेला खांब आणा, द्रावण आणू नका.

तात्या_गुहागर

मग आमचं मोरी माशाचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल काय वाईट? होड्या त्यावरच तरल्या.

रसायनवाली

तात्या, होडी दरवर्षी ओढून काढता, खरवडता, परत तेल देता. खांब दरवर्षी उपटणार का? काजूचं तेल वरून चांगलं झाकतं, मांगराच्या वाशांना मीही लावते. हातमोजे घालून, नाहीतर कातडी सोलवटते. जमिनीतल्या लाकडाला त्याचा भरवसा नाही.

तारवाला

विजेचं कंत्राट घेतो, परवानाधारक आहे. माझे दोन पैसे.

आधी स्पष्ट: मीटरच्या अलीकडची लाईन वीज कंपनीची, तिथे तुमचा लाकडी खांब चालणार नाही, विषय संपला. मीटरच्या पुढे तुमची जबाबदारी, पण काम परवानाधारकाकडूनच. उघडी तार असेल तर जमिनीपासून 4.6 मीटर, रस्ता ओलांडत असेल तर 5.8 मीटर उंची हवी. 8 मीटरचा खांब, त्यातला सहावा भाग जमिनीत म्हणजे 1.33 मीटर, वर उरले साडेसहा मीटरच्या थोडं वर. तारेचा झोळ धरून शेतात आरामात बसतं, रस्त्यावर जरा जपून. मी तर म्हणेन उघडी तार सोडाच, इन्सुलेटेड केबल लावा.

लाकूड वीज वाहत नाही हा समज डोक्यातून काढा. पावसात भिजलेला खांब वाहतो, आणि क्षार भरलेला तर आणखी. पेटी, अर्थिंग, सगळं लोखंडी खांबाला करता तसंच.

वजनाबद्दल मात्र धागाकर्ता बरोबर. 8 मीटरचा, सरासरी 16 सेंटिमीटर जाडीचा खांब म्हणजे घनमीटरचा साधारण सहावा हिस्सा. वाळलेलं लाकूड घनमीटरला सातशे किलो धरलं तरी एकशे दहा-पंधरा किलो. सहा जण खांद्यावर घेऊन पाणंदीतून नेतील. सिमेंटच्या खांबाला माणसं लावून बघा मग कळेल.

हर्णैचा_वारा

निसर्गच्या वेळी आमच्याकडे काही आठवडे अंधार होता. पुढच्या वर्षी तौक्ते. लाकडी खांब वादळात टिकतात का हो? लवचीक असतात म्हणे.

तारवाला

लवचीक असतात हे खरं. पण त्या वादळांत मी जे पडलेले खांब पाहिले त्यातले बरेचसे वाऱ्याने नाही पडले. माड, आंबे, सुरू तारांवर पडले आणि एका तारेने पुढचे चार खांब ओढले. तिथे लाकूड काय, लोखंड काय. लाकडाचा फायदा नंतर दिसतो: क्रेन येण्याची वाट न बघता गावातली माणसं नवा उभा करू शकतात. वळणावर आणि शेवटच्या खांबाला स्टे (ताणाची तार) हवाच, तो विसरून खांबाला शिव्या देऊ नका.

वादळाचीच खरी भीती असेल तर केबल जमिनीखालून घ्या. सरकारनेही चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पात अलिबाग, रत्नागिरी, सातपाटी इथे भूमिगत वाहिन्यांचाच मार्ग धरला.

कातळवासी

भूमिगतचा विचार केला होता. कातळात चर मारायला ब्रेकर लावला तर केबलपेक्षा चराचा खर्च जास्त. खालच्या मातीच्या पट्ट्यात करेन, वर खांबच.

रंधा, प्लँटमध्ये नेमकं काय करतात? आणि झाडं कधी तोडू?

रंधा

आता मुद्द्याचं. प्लँटमधलं काम काही तासांचं असतं, खरी मेहनत त्याच्या आधी तुमच्याकडे. तिथे घाई केली तर जगातला कुठलाही प्लँट काही करू शकत नाही.

तोड दिवाळीनंतर. उभं झाड निवडताना सरळपणा बघा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दोरी धरली तर ती खोडाबाहेर जाता कामा नये. तोडलं की लगेच साल काढा, निलगिरीची साल ताजी असताना ओढली की लांब पट्ट्यांनी सुटते, वाळल्यावर रडवते. सालीखाली किडा अंडी घालतो आणि लाकूड वाळत नाही, म्हणून ती त्या दिवशीच निघाली पाहिजे.

निलगिरीत जन्मजात ताण असतो. कापल्या कापल्या टोकं तडकतात, कधी कधी करवत बाहेर यायच्या आत. टोकांना एस आकाराचे पत्रे किंवा खिळेपट्ट्या ठोका, वर मेण नाहीतर डांबर फासून तोंड बंद करा (तात्या, इथे तुमचं डांबर कामाला आलं). मग रचणी: जमिनीपासून हातभर उंच जांभ्याचे चिरे ठेवून, दोन थरांत आडव्या पट्ट्या, वर झापांचं छप्पर. वारा लागू दे, थेट ऊन नको. ऊन लागलं की खांब आवाज करत फुटतो.

किती दिवस? दिवस मोजू नका, ओल मोजा. ओलमापक फार महाग नसतो, नाहीतर प्लँटवाल्याकडून मोजून घ्या. पांढऱ्यातली ओल 25-30 टक्क्यांच्या खाली आली पाहिजे. झाडाच्या नळ्यांत पाणी भरलेलं असताना औषध शिरायला जागाच नसते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड त्या खाली जायला मागत नाही, उलट बुरशी धरते. म्हणून कोकणाचं वेळापत्रक एकच: दिवाळीनंतर तोड, शिमग्यापर्यंत आणि पुढे चैत्र-वैशाखात वाळवण, मिरगाच्या आधी प्लँट. एक पावसाळा मध्ये आला की सहा महिने वाया.

भोकं, खाचा, वरचा तिरका काप, सगळं प्लँटला पाठवण्याआधी. नंतर भोक पाडलंत तर औषधाच्या कवचाला खिडकी उघडलीत. अगदीच पाडावं लागलं तर तांब्याचं पेस्ट भरून लाकडी खुंटी मारा.

प्लँटमध्ये एक लांब पोलादी नळकांडं असतं, दोन-अडीच मीटर व्यासाचंसुद्धा. खांब ट्रॉलीवर बांधून आत, दार बोल्टांनी बंद. आधी हवा ओढून घेतात, पाऱ्याच्या 560 मिलिमीटरच्या आसपास, अर्धा-एक तास, म्हणजे लाकडातली हवाही निघते. निर्वात न सोडता द्रावण भरतात. मग दाब, चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलो. टाकीवरच्या काचेत द्रावणाची पातळी उतरताना दिसते. ती उतरायची थांबली की लाकूड प्यायचं थांबलं. शेवटी परत थोडं निर्वात, म्हणजे बाहेर काढल्यावर ठिबकत नाही. ही पद्धत 1838 मध्ये बेथेल याने पेटंट घेतली तेव्हा औषध क्रिओसोट (दगडी कोळशाच्या डांबरातलं तेल) होतं, पाण्यातल्या औषधांनाही तीच लागू पडली.

रसायनवाली

यात एक आकडा जोडते, म्हणजे प्लँटवाल्याशी बोलताना तुम्हाला कोणी उडवून लावणार नाही. तीन टक्क्यांचं द्रावण असेल आणि घनमीटर लाकडाने 300 लिटर प्यायलं तर कोरडं औषध बसलं 9 किलो. अमेरिकेत खांबांसाठी साधारण 9.6 किलोची पातळी धरतात. मात्र हे पांढऱ्या भागाचं गणित. पूर्ण खांबाच्या घनफळाने भागून कोणी आकडा सांगितला तर तो निम्म्यावर येईल, आणि उलट करून फसवणंही सोपं आहे. बिलावर किलो लिहून मागा आणि कोणत्या घनफळाला ते विचारा. भारतीय मानकांत लाकूड संरक्षणासाठी 401 आणि लाकडी खांबांसाठी 876 या क्रमांकांची मानकं आहेत, प्लँटवाल्याला ती ठाऊक असलीच पाहिजेत.

खाजा_लाडू, तुमच्या खाडीतल्या खुंट्यांसाठी याच्या अडीच ते चार पट औषध लागतं. तिथला शत्रू वाळवी नाही, समुद्रातला पोखरकिडा आहे. शेतातला खांब खाडीत नेऊन लावू नका.

खाजा_लाडू

बरा झाला सांगितलास बाय. मी उद्याच नेऊन मारतलंय असतंय.

सुतारपक्षी

औषध खरंच आत गेलं की नुसतं हिरवं रंगवलं, कसं कळणार? हिरवा रंग काय, आम्हीही देतो.

रंधा

लाख मोलाचा प्रश्न. ट्रकमधून खांब उतरायच्या आधी दोन-चार खांबांतून बारीक पोकळ गिरमिटाने नमुना काढायला लावा, पेन्सिलीएवढी लाकडी कांडी येते. त्यावर क्रोम अझुरॉल नावाच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. तांबं पोचलंय तिथपर्यंत कांडी गर्द निळी होते, पुढे लाकडाचा मूळ रंग. पट्टी लावून मोजा: निळं जिथे संपतं तिथे पांढरं संपलं पाहिजे. पांढरं उरलं आणि निळं संपलं तर तो लॉट परत. भोकात औषध दिलेली खुंटी ठोकायची, उघडं ठेवायचं नाही. चांगला प्लँटवाला ही चाचणी स्वतःहून दाखवतो. जो कुरकुरतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

ताजा खांब पिवळसर ओला असेल तर हात लावू नका. क्रोमियम जखडलं की तो हिरवट होतो. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत रेंगाळतं. तोवर खांब प्लँटच्या फरशीवर छपराखालीच राहिला पाहिजे.

आंबट_चिंच

आर्सेनिक नको असेल तर बोरॉनवालं मिळतं ना? आमच्या ओळखीत एकांनी बांबूला केलंय.

रसायनवाली

बांबूच्या मांडवाला, छपराखालच्या लाकडाला बोरॉन उत्तम. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड, माणसाला त्रास कमी. पण ते लाकडाला धरून बसत नाही, पावसात धुऊन जातं. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलं तांबं-क्रोमियमचं मिश्रणही आहे, त्यातलं बोरॉनही जमिनीत हळूहळू निघून जातं. मांगराचे वासे बोरॉनने करा, खांब नको. आर्सेनिक-क्रोमियम दोन्ही नसलेली तांब्याची नवी औषधंही आहेत, महाग पडतात आणि लोखंडी बोल्ट खातात, गॅल्व्हनाइज्ड लावावे लागतात. जवळच्या प्लँटमध्ये काय चालतं ते विचारून ठरवा.

कातळवासी

आकेशियाचं काय? तो तर मुबलक आहे.

रंधा

आकेशियात आठ मीटर सरळ खोड मिळालं तर नारळ फोडा. बुंध्यापासून दोन-तीन फांद्या, वर वाकडा. त्याचा गाभा चांगला, पांढरं पातळ, म्हणजे औषधाच्या दृष्टीने खांबाला नापास. कुंपणाच्या खुंट्यांना गाभ्याचे तुकडे वापरा. मँजियम (आकेशियाचीच दुसरी जात) कोणी लावला असेल तर सरळ मिळतो, पण आतून पोकळ निघण्याची सवय आहे, ठोकून आवाज बघा. सुरू सरळ असते, तुमची आडवी पडलेली तेव्हाच सोलून वाळवली असती तर खांबाचा माल होता. आता ती सरपणाला.

तात्या_गुहागर

बरं, हे सगळं केलं. टिकणार किती ते कोणी सांगेना.

रंधा

तात्या, औषधाशिवाय कोवळी निलगिरी आपल्या मातीत दोन-तीन वर्षं. नीट दाबाखाली औषध दिलेली वीस वर्षं आणि पुढे, असा बाहेरचा अनुभव. पण 'नीट' या शब्दावर जोर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सीसीए दिलेल्या निलगिरीच्या खांबांना जमिनीलगत मऊ कुज लागल्याची उदाहरणं आहेत. पाइनसारख्या लाकडात औषध सारखं पसरतं, निलगिरीसारख्या कठीण लाकडात धाग्याच्या आतल्या भिंतीपर्यंत ते पुरेसं पोचत नाही आणि ही बुरशी तिथे काम करते. गरम, ओल्या हवेत जास्त. आपली हवा त्याच जातीची. म्हणून लावून विसरायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळा संपला की बुंध्याशी वीतभर माती उकरा, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, परत बुजवा. दहा मिनिटांचं काम.

तारवाला

आणि लाईनमन शिडी लावण्याआधी हातोडी मारतो, तुम्हीही मारा. खणखणीत आवाज आला तर चढायचं. बद्द आला तर नाही.

सुतारपक्षी

खांब कातळात कसा पुरायचा? पहारीने खड्डा केला तर पावसात त्याची विहीर होते.

तारवाला

अगदी. कातळातला खड्डा म्हणजे बिनछिद्राचं भांडं, पाणी मुरत नाही. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने चिंचोळा चर काढून पाण्याला वाट द्या, तळाशी खडी, भोवती मुरूम थर थर ठोकत भरा. सिमेंट ओतू नका. लाकूड आक्रसतं, सिमेंट आणि खांब यांत फट पडते आणि पाणी तिथेच साचतं. वर जमिनीपेक्षा उंच मातीचा उतार करा म्हणजे पाणी बाहेर वाहील.

आंबट_चिंच

परवान्याचं काय? आमच्याकडे एकांचा ट्रक नाक्यावर दोन दिवस उभा होता.

कातळवासी

विचारून आलो. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस वगैरे आहेत, निलगिरी नाही. पण वाहतुकीच्या पासचा नियम वेगळा आणि जातीनुसार बदलतो. तो तोडीच्या आधी, सातबारा घेऊन, वन कार्यालयातून लेखी घ्यायचा. तोंडी "काही लागत नाही" यावर ट्रक सोडू नये. दापोली कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयातही चक्कर मारणार आहे, बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेलाही पत्र टाकतो. प्लँट जवळ कुठे ते त्यांनाच ठाऊक असेल.

ठरलं असं: दिवाळीनंतर निलगिरीतली निवडक झाडं. एकट्याचा ट्रक परवडत नाही, म्हणून शेजारचे दोघं-तिघं मिळून एक लॉट. मांगरासाठी बोरॉन, कुंपणाला आकेशियाचा गाभा, खालच्या पट्ट्यात भूमिगत केबल.

हर्णैचा_वारा

मला त्या लॉटमध्ये धरा. सहा खांब.

रसायनवाली

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही गंभीर. गुरं. ताज्या खांबावर क्षाराचा पांढरा थर आला की गाई चाटतात. खांब धुऊन, पूर्ण सुकल्यावरच गोठ्याजवळ न्या, शक्यतो नेऊच नका.

दुसरं, कापून उरलेले तुकडे. चुलीत, बंबात, शिमग्याच्या होळीत अजिबात नाही. धुरात आर्सेनिक जातं आणि राख त्याहून वाईट. राख परसात टाकली आणि गुरांनी चाटली तर जनावर दगावतं. उरलेले तुकडे वापरा, पुढे कधी खांब बदललात तर तोही कुंपणाला लावा किंवा प्लँटवाल्याला परत द्या. ट्रकमधून उतरवून घेणाऱ्या मुलांना हे आधी सांगा, कारण हिरवं लाकूड जळायला छान वाटतं.

खाजा_लाडू

होळीचा सांगितलास ता बरा केलास. आमच्या वाडीत जा लाकूड दिसता ता होळयेक जाता, मालक झोपलेलो असतानाच.

रंधा

मग खांब उतरवाल तिथे रात्री राखण ठेवा. आणि कातळवासी, रचणीची जागा ठरली की फोटो टाका, वाऱ्याची दिशा बघून सांगतो.

कातळवासी

टाकतो. गोठ्याच्या मागे रिकामी जागा आहे...

रसायनवाली

कच्चे खांब वाळवायला चालेल. औषध दिलेले परत आले की दुसरीकडे.